सहा हजार तीनशे अठरा रेघा

त्यांना सगळे खातरजमाबाई म्हणायचे, आणि म्हणताना हसायचे. मीही हसायचे. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे माझं तोंड सुटलं की 'तू कुठे धुतल्या तांदळाची' असं कोणी विचारायला नको. नाहीच मी धुतल्या तांदळाची. या सगळ्या प्रकारात एक सही माझी आहे. ती कुठे आणि का केली ते ओघात येईलच.

मी हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर बसते, बावीस वर्षं झाली. बाई माझ्यामागच्या जिन्याखाली, रेकॉर्ड रूममध्ये. त्या खोलीची एक भिंत कपडे धुण्याच्या खोलीला लागून, त्यामुळे खोली बाराही महिने कोमट आणि कागदांचे कोपरे कायम वळलेले. छताला टेकणारे लोखंडी रॅक, आणि रॅकवर एक्केचाळीस हजार माणसं. त्या फाईल म्हणायच्याच नाहीत, माणूस म्हणायच्या. "वर दोन माणसं गेलीत, एक अजून परत आलेलं नाही," असं त्यांचं बोलणं. फाईल लागायची ती नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांवर, म्हणजे एकाच रॅकवर गर्दी होत नाही. नवखा कोणी आला की पहिल्या आकड्यांवरून शोधत बसायचा आणि तासाभराने तोंड पाडून परत यायचा.

डॉक्टरने नुसत्या नावावर फाईल मागितली की बाई जन्मतारीख विचारायच्या, पत्ता विचारायच्या, मागच्या वेळी कशासाठी आला होता ते विचारायच्या, आणि मग म्हणायच्या, झाली खातरजमा, आता न्या. एकदा एक तरुण डॉक्टर वैतागून म्हणाला, बाई, इथे माणूस मरायला टेकलाय. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "या नावाचे आपल्याकडे अकरा आहेत. त्यातला कोणता टेकलाय तेवढं सांगा." तो डॉक्टर आता मोठा झालाय आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगतो.

आता पिवळ्या पानाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरून झालं. प्रत्येक फाईलचं पहिलं पान पिवळं असायचं आणि त्याच्या कोपऱ्यात एक चौकोन: औषधाची ऍलर्जी. असेल तर औषधाचं नाव लाल शाईने. विचारलं आणि पेशंट नाही म्हणाला, तर फुली. आणि विचारताच आलं नाही, म्हणजे माणूस बेशुद्ध आणला, सोबत कोणी नाही, किंवा नर्सला उसंतच मिळाली नाही, तर आडवी रेघ. रेघ दिसली की पुढच्याने विचारायचं. हा नियम जुन्या मेट्रनबाईंनी घातला होता. त्याच्या आधी कोणीतरी एका पेशंटला न विचारताच 'नाही' लिहून ठेवलं होतं, आणि तो माणूस एका इंजेक्शनने सात मिनिटांत गेला. तेव्हापासून मेट्रनबाई प्रत्येक नव्या नर्सला सांगायच्या की विचारलं नसेल तर रेघ मारा, मी रागावणार नाही. खोटी फुली मारलीत तर घरी पाठवीन. मेट्रनबाई गेल्या, पण रेघ राहिली. मी स्वतः औषधाच्या चिठ्ठीबरोबर पिवळं पान मागवायचे आणि रेघ दिसली की खिडकीतूनच विचारून घ्यायचे.

मग वरून फर्मान आलं. यापुढे सगळ्या हॉस्पिटलांनी पेशंटची माहिती एकाच नमुन्यात ठेवायची, म्हणजे माणूस इथून तिथे गेला तरी त्याची कुंडली त्याच्याबरोबर जाईल. चांगलंच होतं ते, वाईट कोण म्हणतंय? फक्त तो नमुना समजावून सांगणारं पुस्तक अकराशे पानांचं निघालं, तेही इंग्रजीत, आणि असं की एक वाक्य वाचून झालं की त्याची सुरुवात विसरायला व्हायची. आमचे अधीक्षक, म्हणजे साहेब, त्यांनी छापील खंड टेबलावर ठेवला आणि महिनाभर त्यावर चहाचा कप ठेवत राहिले. उघडलेला मी तरी पाहिला नाही.

अशा वेळी कंपनीचा माणूस अवतरला. चाळिशीचा, गोडबोल्या, तोंडात साखर आणि काखेत लॅपटॉप. त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर होतं. त्याचं नावही गोडच होतं, मी मुद्दाम लिहीत नाही. ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरमधली माहिती घेणार आणि आपोआप त्या नमुन्यात बसवणार. "पानं अकराशे, तुम्हाला दिसणार फक्त चौदा चौकोन," असं तो म्हणाला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या. आणि खरं सांगायचं तर काम बरंच चांगलं होतं. रक्तातली साखर आम्ही सात जण सात तऱ्हांनी लिहायचो, त्याने ती एका तऱ्हेची केली. तारखांचा घोळ निस्तरला. भरलेला चौकोन हिरवा, रिकामा चौकोन लाल, आणि साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक पडदा, त्यावर हॉस्पिटल किती टक्के हिरवं झालं ते दिसायचं. एक तारखेपर्यंत शंभर टक्के हिरवं व्हायला हवं, असं साहेबांनी वर कळवून टाकलं होतं.

बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी दहा माणसं, म्हणजे दहा फाईली, रॅकवरून काढल्या आणि चाचणीच्या दिवशी पडद्यासमोर जाऊन बसल्या. एक पान कागदाचं, एक पान पडद्यावरचं, बोट ठेवून ठेवून. चौथ्या फाईलवर बोट थांबलं. कागदावर रेघ होती. पडद्यावर हिरव्या चौकोनात 'ऍलर्जी: नाही.' सातव्या फाईलचंही तेच. फुली आणि रेघ, त्या सॉफ्टवेअरने दोन्हींचं 'नाही' करून टाकलं होतं.

कंपनीच्या माणसाला काही चुकलंय असं वाटलंच नाही. त्याने समजुतीच्या सुरात विचारलं, "बाई, रेघ म्हणजे नाहीच ना?"

"रेघ म्हणजे अजून विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

तो म्हणाला की इतक्या बारकाव्यात गेलं तर मग सोपं काय राहिलं? चौकोन रिकामा सोडला तर लाल दिसेल, आणि लाल साहेबांना नकोय. शिवाय त्या नमुन्यातही 'आहे' किंवा 'नाही' एवढंच असणार, असं त्याने ठोकून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. ज्या पुस्तकाला सोपं करून विकण्यावर त्याचं पोट, ते पुस्तक त्याने वाचलेलं नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही, बाईंना कळलं.

बाई साहेबांच्या खोलीत गेल्या, पुस्तकावरचा कप उचलून बाजूला ठेवला आणि खंड काखेत मारून घरी घेऊन गेल्या.

बाईंचं घर म्हणजे त्यांच्या नवऱ्याच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नवरा मितभाषी, त्याच्या हाताचं ग्रीस कधी पूर्ण जायचं नाही. मुलगा फिरतीच्या नोकरीवर, आणि सून शाळेत इंग्रजी शिकवणारी. सासू-सुनेचं फारसं पटत नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलणं भाजी आणि गॅसच्या सिलिंडरपुरतं. त्या दिवसापासून संध्याकाळी शाळेच्या वह्या तपासून झाल्या की सून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते पुस्तक मोठ्याने वाचायची, सासू भाजी निवडता निवडता ऐकायची, आणि एखादं वाक्य डोक्यावरून गेलं की दोघी मिळून लिहिणाऱ्याला शिव्या घालायच्या. नवरा म्हणे खालून ओरडून विचारायचा, आज कोण मेलं तुमच्या पोथीत. जगात सासू-सुनेला एकत्र आणणारं सरकारी पुस्तक एवढं एकच असेल.

एकोणीस संध्याकाळी गेल्या. सहाशे बाराव्या पानावर सून वाचता वाचता थांबली आणि तिने परत वाचलं. ऍलर्जीच्या प्रश्नाला त्या नमुन्यात चार उत्तरं होती: आहे, नाही, पेशंटलाच माहीत नाही, आणि विचारलेलं नाही. चौथं उत्तर म्हणजे आमच्या मेट्रनबाईंची रेघ. ज्या पुस्तकाला आम्ही सगळ्यांनी किचकट किचकट म्हणून शिव्या घातल्या, ते लिहिणाऱ्या कोणाला तरी ही रेघ ठाऊक होती, तिच्यासाठी जागा ठेवली होती. आणि ती जागा सोपं करण्याच्या नावाखाली आम्ही पुसून टाकत होतो. बाई सांगत होत्या की सून त्या पानावर रडली. मी हसले तेव्हा. आता हसू येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई ते पान आणि एक आकडा घेऊन साहेबांकडे गेल्या. आकडा सहा हजार तीनशे अठरा, त्याच दिवसांत रॅक एकेक करून मोजलेला. एवढ्या माणसांच्या पिवळ्या पानावर रेघ होती. म्हणजे सहा हजार तीनशे अठरा जणांना कोणी काही विचारलेलं नव्हतं आणि एक तारखेपासून कॉम्प्युटर छातीठोकपणे सांगणार होता की त्यांना कुठलंही औषध चालतं. साहेबांनी पान पाहिलं, बरोबर आहे म्हणाले, कंपनीला नंतर सांगू म्हणाले, आणि कागद पुढे सरकवला. त्यावर छापलं होतं: 'सर्व माहिती मूळ कागदाशी ताडून पाहिली.' खाली रेकॉर्डप्रमुखांच्या, म्हणजे बाईंच्या, सहीची जागा.

"तुम्ही सही करा, बाकीचं नंतर बघू," साहेब म्हणाले.

"नंतर बघणारा कोण, त्याचं नाव इथे लिहा. मग करते."

नाव कोण लिहितंय. तुमच्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत, कशाला हात दाखवून अवलक्षण, असं साहेबांनी सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या की पाच महिन्यांनी मी घरी जाईन, ही माणसं कुठे जाणार आहेत? आणि उठून आल्या.

मग साहेब माझ्या खिडकीशी आले. नियम असा होता की रेकॉर्डप्रमुख उपलब्ध नसेल तर ती माहिती रोज वापरणाऱ्या दुसऱ्या खात्याच्या प्रमुखाची सही चालते, आणि औषधखात्याची प्रमुख मी. उपलब्ध नसेल! बाई वीस पावलांवर बसल्या होत्या. मला सगळं माहीत होतं, बाईंनी डबा खाताना पानासकट समजावून सांगितलं होतं. समोर रांग होती, साहेब ताटकळत होते, आणि मला कटकट नको होती. मी सही केली. यापलीकडे काही कारण नाही, शोधूनही सापडत नाही.

बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

एक तारखेला सगळं हिरवं झालं. साहेबांनी पडद्यासमोर फोटो काढून घेतला. रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं आणि खातरजमाबाईंना माझ्या खिडकीशेजारी आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, टपालावर शिक्के मारायला. अडतीस वर्षं ज्या बाईने एक माणूस हरवू दिला नाही, तिच्या हातात शिक्का आणि शाईची डबी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यात निम्मा माझ्यावरच होतो.

बाईंनी त्या टेबलावर एक काम मात्र चालू केलं, कोणी न सांगता. त्या सहा हजार तीनशे अठरा नंबरांची यादी त्यांच्याजवळ होती, चार जाड वह्यांमध्ये, अर्थातच शेवटच्या दोन आकड्यांवर लावलेली. माझ्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाकडे त्या चिठ्ठी मागायच्या, नंबर बघायच्या, वही उघडायच्या. यादीत असला की विचारायच्या, कुठल्या औषधाने कधी त्रास झालाय का? काही लोक सांगायचे, काही चिडायचे. वॉर्डातली पोरं नकला करायची. साहेबांनी दोनदा तोंडी समज दिली. आणि मी? मी आता पिवळं पान मागवत नव्हते. पान कुलपात होतं, आणि पडद्यावर हिरवं 'नाही' इतकं स्वच्छ दिसायचं की विचारायची सवयच गेली. बावीस वर्षांची सवय जायला तीन आठवडे पुरले.

तिसऱ्या आठवड्यात पायाला जखम चिघळलेला एक वेल्डर वॉर्डात दाखल झाला. डॉक्टरने पडदा पाहिला, 'ऍलर्जी: नाही', आणि पेनिसिलिनच्या जातीचं इंजेक्शन लिहिलं. त्याची बायको चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. मी पडदा पाहिला, हिरवं. कपाटातून कुपी काढली, पिशवीत घातली, पिशवी तिच्या हातात दिली. ती चार पावलं गेलीसुद्धा.

बाईंनी शिक्का खाली ठेवून तिला थांबवलं, चिठ्ठी घेतली, वही उघडली आणि तिला घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. "हा रेघेतला आहे," मला म्हणाल्या. चार वर्षांपूर्वी कामावरून पडून बेशुद्ध आणला होता, सोबत नुसता मुकादम होता, हे त्यांनी पान न बघता सांगितलं.

मी वैतागले. रांग मोठी होती. बाई, पडद्यावर नाही म्हणून स्वच्छ लिहिलंय, असं मी त्यांना ऐकवलं. ते वाक्य माझ्या तोंडून गेलंय, दुसऱ्या कोणाच्या नाही.

बाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी वेल्डरच्या बायकोला विचारलं, आणि ती सहज सांगू लागली. लग्नानंतर एकदा त्याला घसा धरला म्हणून सुई टोचली होती, तर ओठ सुजले, घसा आवळला, काळानिळा पडला, दोन दिवस मशीनवर होता. त्या सुईचं नाव तिला पाठ होतं. तिने ते सांगितलं. पिशवीतल्या कुपीवर तेच होतं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, मग हे सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "कोणी विचारलंच नाही."

मी खिडकी बंद केली. बावीस वर्षांत रांग असताना पहिल्यांदाच. कुपी परत घेतली, वर डॉक्टरला फोन केला, औषध बदललं. वेल्डर आठ दिवसांनी चालत घरी गेला, त्याला यातलं काही माहीत नाही. मग मी बाईंच्या वह्या घेऊन बसले आणि त्या तीन आठवड्यांत यादीतल्या किती जणांना मी न विचारता औषध दिलं ते काढलं. दोनशे नऊ. त्या प्रत्येकाला मी आणि बाईंनी फोन केले, पाच दिवस लागले. यादीतल्या दोन बायकांच्या अंगावर पुरळ उठून गेलं होतं, त्यांना उन्हाने वाटलं होतं. एक फोन एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या मुलाने उचलला आणि म्हणाला, वडील मागच्याच आठवड्यात गेले, वय झालं होतं. मी पुढे काय विचारणार? औषध साधं होतं, वय खरंच झालं होतं. पण खातरजमा करायला मला आता कुठेच जाता येणार नाही.

मी सही मागे घेतल्याचं पत्र साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि त्याची प्रत वरच्या ऑफिसला पाठवली. मग काय विचारता, धावपळच झाली. दहा दिवसांत कंपनीचा माणूस परत आला, चेहऱ्यावर तेच हसू. आता चौदाच्या जागी पंधरा चौकोन, आणि रेघ असेल तिथे पिवळ्या रंगात 'विचारलेलं नाही'. त्याने त्याला 'नवीन सुविधा' म्हटलं. सभागृहात ती दाखवताना त्याने सहाशे बारावं पानसुद्धा दाखवलं, जणू काही स्वतः एकोणीस संध्याकाळी भाजी निवडत ऐकलं होतं. साहेबांनी त्याला पुष्पगुच्छ दिला. आयजीच्या जिवावर बायजी उदार! बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. मी उठून घेतलं. साहेब म्हणाले हो हो, सगळ्यांचाच हातभार आहे, आणि पुढची चित्रफीत लावली.

वह्या मात्र हलक्या होत गेल्या. कोणी आलं, विचारलं, की बाई त्या नंबरावर काट मारायच्या. निवृत्तीच्या दिवशी चार हजारांवर रेघा उरल्या होत्या. वह्या त्यांनी माझ्या हातात दिल्या, आणि माझ्या सहीवरचा त्यांचा राग संपल्याचं मला तेव्हा कळलं.

त्या दिवशी दुपारी ऑफिसातून एक कागद आला. निवृत्तीचा अर्ज, कॉम्प्युटरनेच भरून काढलेला, बाईंनी फक्त सही करायची. नाव, हुद्दा, वर्षं अडतीस. शेवटी एक चौकोन होता: 'सेवेबद्दल काही सांगायचे आहे का?' आणि त्यात आधीच छापलेलं होतं, 'नाही.'

बाईंनी चष्मा पुसला. पेनाचं टोपण काढलं, ते 'नाही' खोडलं आणि शेजारी सावकाश एक आडवी रेघ मारली. मग सही केली, कागद आवकच्या शिक्क्यासकट साहेबांकडे पाठवला आणि पिशवी उचलून दाराच्या पायऱ्या उतरून गेल्या.